त्र्याण्णव टक्के हौशीराममामा

मंचरच्या कॉलेजात आपल्यासारखा प्रकल्प आजवर कुणी केलाच नाही, अशी अमृतची खात्री होती. विषय ‘साठवणीच्या चाळीतला कांदा का सडतो?’ नक्कल तपासणाऱ्या संगणकाचं मत वेगळं पडलं. एकाहत्तर टक्के मजकूर म्हणे आधीच कुणीतरी लिहून बसलं होतं!

“दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर अवतरणचिन्हांत टाक, खाली त्याचं नाव दे,” साधना मॅडम म्हणाल्या. हेच सांगून सांगून त्यांचा आवाज चाळीतल्या शेवटच्या कांद्यासारखा झाला होता. “नाहीतर समजून घे आणि स्वतःच्या शब्दांत लिही. शुक्रवारी माझी सही झाली नाही, तर वर्ष गेलं.”

अमृतनं शब्दकोश उघडला. ‘कांदा सडतो’चं ‘पलांडू कुजनावस्थेस प्राप्त होतो’ केलं.

“हे तुझे शब्द? आईला म्हणतोस का, आज पलांडूची भजी कर?”

मग त्यानं थेट डिंगोरे गाव गाठलं. कांद्यात हयात घालवलेले हौशीराममामा ओट्यावर तयारच बसले होते. प्रश्न विचारायच्या आधीच घडाघडा बोलायला लागले! अमृतनं शब्दन् शब्द उतरवला आणि स्वतःचा म्हणून देऊन टाकला.

त्र्याण्णव टक्के!

त्यानं मामाला फोन लावला. “मामा, हे कुठून पाठ केलंत?”

“पाठ कशाला करतोय? तुमच्या कॉलेजची पोरं दरसाल येत्यात, त्येच इचारत्यात. मी त्येच सांगतो.”

“जरा वेगळं सांगायचं ना, राव!”

“आरं अमृत्या, कांदा काय दरसाल नव्या तऱ्हेनं सडतो व्हय?”

शुक्रवारी अमृतनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं अवतरणात टाकलं. खाली मामांचं नाव.

मॅडमनी चष्मा काढला. “अवतरणाच्या बाहेर तुझं काय आहे?”

“‘असं ते म्हणाले’, मॅडम.”

“यातून तुला काय कळलं, ते लिही. इथंच, माझ्यासमोर.”

अमृतनं पेन उघडलं. कसंबसं एक वाक्य निघालं: प्रश्न नवा असल्याशिवाय हौशीरामांकडे जाऊ नये.

मॅडम वर्षात पहिल्यांदा हसल्या. वाक्य संगणकात घातलं आणि हसू मावळलं. गेल्या वर्षीच्या तेजस्विनीनं प्रकल्पाचा शेवट अगदी याच वाक्यानं केला होता!

अमृतनं वाक्याला अवतरणचिन्हं लावली, खाली तेजस्विनीचं नाव लिहिलं.

“न सांगता नाव दिलंस!” मॅडम म्हणाल्या. “एवढंच तर शिकवायचं होतं रे.” आणि थकल्या हातानं त्यांनी सही केली.

अमृत पास झाला. अख्ख्या प्रकल्पात त्याचं स्वतःचं असं मुखपृष्ठावरचं नाव तेवढं होतं.