किकवी ते सारोळे, एक सीन

आमच्या किकवीचे नामदेवराव सिनेमाची पटकथा लिहितात, आणि लिहिलेला प्रत्येक सीन एसटीत वाचून बघतात. घरी नाही, देवळात नाही. किकवीला गाडीत बसायचं, वाचायला लागायचं आणि सारोळे यायच्या आत सीन संपवायचा. सारोळे आलं आणि सीन उरला, तर सीन लांबला. गाडी हायवेला अडकली, तर दोष हायवेचा.

जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, त्यांचा घड्याळापेक्षा थांब्यावर भरवसा. ऐकायला मात्र कोणीतरी लागतं. ती नेमणूक माझी झाली, कारण मी शेजारीण, आणि पंच्याहत्तरी उलटल्यामुळे मला तिकीट लागत नाही.

"वैनी, ध्यान द्या. बेल वाजली की नवा सीन."

'कट' हा शब्द त्यांना चालत नाही. सीन संपला की वहीत एक बेल, पुढं निघायचं तर दोन. पात्राची ओळख कशी, ऐका: 'गंगूबाई, वय पन्नास, कापूरहोळ ते भोर, सोबत कोंबडी.' गंगूबाई खाष्ट की प्रेमळ, पत्ता नाही. कोंबडीचा मजकूर मात्र दीड पान.

एकदा नायिकेचं रडणं वाचत होते. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "आवो, तिला म्हायेरी तरी धाडा, कवाधरनं रडतीया." नामदेवरावांनी तिथल्या तिथं पेन काढलं आणि पोरीला माहेरी धाडलं.

हसू नका. मोबाईलवर बघून बघून शिकलेत सगळं. "वैनी, पडद्यावर येकदा माजी गोष्ट लागली की मी सुटलो," म्हणायचे.

भोरला शूटिंग आलं तेव्हा तीन दिवस वही काखेत मारून उभे होते. चौथ्या दिवशी एका निर्मातीबाईंनी वही घेतली आणि पंधरवड्यानं भेटायला बोलावलं. सोबत मीही गेले.

"काका, मला ही घ्यायची आहे," बाई म्हणाल्या, "पण छाटावी लागेल."

"छाटा की."

कोंबडी गेली, सरपंचाचं भाषण गेलं, दोन लग्नं गेली. नामदेवराव प्रत्येकाला मान डोलवत होते.

"आणि ही खिडकीजवळची बाई. पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत नुसती बसलीय. बोलत नाही, काही करत नाही. ही काढू."

"ती ऱ्हाऊ द्या."

"पण कथेत तिचं काम काय?"

"बसायचं."

बाईंनी दोनदा समजावलं. मग म्हणाल्या, "असं असेल तर मला नाही जमायचं, काका." नामदेवरावांनी वही उचलली, नमस्कार केला आणि निघाले.

परतीच्या गाडीत मी चिडलेच. "एका बाईपायी सिनेमा घालवलात? कोण लागून गेली एवढी?"

ते बाहेर बघत राहिले. "सुमन म्हनायची, येकदा तुमच्या गाडीनं न्या मला, पार शेवटच्या थांब्यापातूर. मी म्हनायचो, डूटीवर घरचं मानूस नको, लोक नावं ठिवत्यात. रिटायर झाल्यावर जाऊ."

सुमन त्यांची बायको. ते रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी गेली.

त्यांनी वही उघडली, पेन काढलं.

"वैनी, येक इचारू? भोरच्या बाजाराला तुमी दोघी जायचा न्हवं? गाडीत बसल्यावर ती काय खायची वो?"

"भाजलेल्या शेंगा," मी म्हटलं. "टरफलं पदरात गोळा करायची. कंडक्टरच्या बायकोनं गाडी घाण केली, असं कुणी म्हणायला नको, म्हणायची."

पेन थांबलं.

"परत येकदा सांगा," ते म्हणाले. "सावकाश."