छतावरचे तीन ठोके

नाटकातले मला फारसे कळत नाही, फ्रेंच तर मुळीच येत नाही, आणि लेखणीही उतारवयातच हाती धरली आहे. या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु जो गृहस्थ सूप पिण्यापूर्वीही काठीने जमिनीवर तीन ठोके देतो, त्याच्याविषयी गप्प कसे राहावे? ती जमीन म्हणजे डीमन या डच गावातील आमच्या घराचे छत.

हे वरचे शेजारी मस्यू ल्यूसियाँ फ्रान्सच्या रंगभूमीवर भालदाराच्या भूमिकेपासून राजाच्या भूमिकेपर्यंत चढले, मग दिग्दर्शक झाले. डच पत्नीमुळे इकडे आले; ती वारली, ते राहिले. तिकडे तीन ठोक्यांनंतर पडदा उघडतो म्हणे. आपली तिसरी घंटाच ती.

लॉकडाउनमध्ये ते घरीच नव्या नाटकाच्या तालमी करू लागले. संध्याकाळी ठोके पडले की माझी पत्नी वसुधा गॅस बंद करी. "अहो, बसा. सुरू झालं." मग तासभर छतातून गर्जना आणि हुंदके. मी कचरा टाकायला निघालो, तरी ते बाल्कनीतून इंग्रजीत ओरडत, "मस्यू सबनीस, ही काय एक्झिट? छत्री विसरल्यासारखे जाता! पुन्हा!" मी निमूटपणे पुन्हा जात असे.

दसऱ्याला वसुधा हिरवी पैठणी नेसून पुरणपोळी द्यायला गेली. दार उघडले आणि धाडकन मिटले. "हिरवा रंग! मादाम, आमच्या रंगभूमीला अपशकुन! नाटक पडेल!"

"सगळं जग बंद पडलंय," वसुधा फणकारली, "यांचं एकट्याचं काय पडायचं राहिलंय?"

हिवाळ्यात नाट्यगृहांना पुन्हा कुलपे लागली, त्यांचे नाटक रद्द झाले, आणि ठोके थांबले.

"माझ्या पैठणीनं तर नाही ना हो?" वसुधा लाल साडी नेसून, मला पुढे घालून वर गेली.

"प्रेक्षकांवाचून करू कोणासाठी?" ते दारातूनच म्हणाले.

"आम्ही रोज ऐकत होतो," मी चाचरत बोललो.

"आमच्याकडे स्वस्त तिकिटाचे लोक अगदी वर, छताशी बसतात. त्या जागेला आम्ही स्वर्ग म्हणतो. माझा स्वर्ग खाली होता, मस्यू. मी जमिनीकडे पाहून बोलत होतो. पण टाळी कधी आली नाही."

शेजाऱ्याच्या घराला कान लावल्याची कबुली कशी द्यावी, म्हणून आमचे हात आखडत असत.

दुसऱ्या संध्याकाळी वसुधाने झाडूचा लांब दांडा माझ्या हाती दिला. मी खालून छतावर तीन ठोके दिले. मग वर खुर्ची सरकली, आणि तो गर्जणारा आवाज पुन्हा आला.

तिसरी घंटा प्रेक्षकांनी दिली तर चालते का हो?