पायगोंडाअण्णांचा घोळीचा नेम

लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पायगोंडाअण्णा आमचे शेजारी. भांगलणाऱ्या बायकांनी घोळ तण म्हणून उपटली, की ते बांधावरून ओरडत, "आगं, सोन्यासारखी भाजी टाकताय व्हय!" ती लालसर देठांची, जाड पानांची घोळ ते धोतराच्या ओच्यात भरत आणि दारोदार वाटत.

"कवळी हाय तवर मीठ लावून भाकरीसंगं खावा. जून झाली तर हरभऱ्याची डाळ घाला. ताकातली तर लय झ्याक! लसूण घालायची तर घाला, मला सांगू नगा."

"आन तुमी कवा खाणार, अण्णा?" आई विचारायची.

"चातुर्मास हाय न्हवं!"

जैनांत पावसाळ्याचे चार महिने बरेच जण पालेभाजी खात नाहीत, आणि घोळ फोफावते नेमकी तेव्हाच. "कार्तिक सरू द्या, मग बघा," म्हणत अण्णा आवंढा गिळायचे.

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. कार्तिक सरला. आईनं मुद्दाम बिनलसणाची, ताकातली घोळ नेऊन दिली. अण्णांनी वाटी परत केली. पोट बिघडलंय म्हणाले. पुढच्या खेपेला दात दुखत होता. आई रुसलीच.

अण्णांची लेक पद्माताई सांगलीत दिलेली. मीही तिथंच शिकत होतो. रविवारी घरी येऊन मी सोमवारी परत निघालो, की दर खेपेला अण्णा तिच्यासाठी घोळीची जुडी माझ्याकडे देत. अण्णा स्वतः घोळ का खात नाहीत, असं मी भीत भीत तिला विचारलं. तिनं डोळ्यांना पदर लावला.

दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. श्रावणात पुन्हा दिवस राहिले, आणि घोळीवाचून घास उतरेना. सासूबाई चातुर्मासात पाला घरात घेईनात.

"अण्णा आले आन म्हणाले, 'इहीणबाई, पोरीला खाऊ द्या. तिचा नेम मी पाळतो, जल्मभर घोळ खात न्हाई.'"

"मग?"

"सासूबाई म्हणाल्या, 'नेम असा उसना घेता येतो व्हय?' अण्णा म्हणाले, 'शास्त्र मला कळत न्हाई. पोर उपाशी हाय, एवढं कळतंय.'"

फाल्गुनात पद्माताई बाळंतपणाला माहेरी गेली. परीक्षेमुळे मी सांगलीतच अडकलो. पुस्तक उघडं असायचं, लक्ष पोस्टमनकडे.

अखेर वडिलांनी मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. 'पद्माला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. अण्णा गूळ वाटायला निघाले, ते आमच्याच उंबऱ्यावर बसून नुसते रडले. गूळ तुझ्या आईनं वाटला.'