शबनमचा कॅल्क्युलेटर

गवई बाईंसमोर ‘सोपं’ म्हणायची सोय नाही. एकदा मी वर्गात एका पोराला म्हणालो, “अरे, सोपं तर आहे!” बाई दारातून जात होत्या. आत आल्या आणि माझ्या डाव्या हातात खडू दिला. “सर, या हातानं तुमचं नाव लिहा. सुंदर अक्षरात. पोट्टे पाहून राह्यले.” मी मराठीचा मास्तर, वर्ग आठवडाभर हसत होता.

पिंपळगाव राजाच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवतात, म्हणजे भांडतात. पिशवीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या. व्हरांड्यात जमिनीवर शंभरपर्यंत आकड्यांची रेघ रंगवलेली. ज्याला आकडा उमजत नाही त्यानं तिच्यावर चालायचं. “डोक्याले नाई समजत तं पायाले समजू द्या!” हेडसर म्हणायचे, बाईंनी शाळेचा उकिरडा केला.

दहावीतल्या शबनमसाठी तर त्यांनी जिल्हा डोक्यावर घेतला. पोरगी हुशार. गणित कसं सोडवायचं ते घडाघडा सांगायची, पण सात मोठे की नऊ, इथं अडायची. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडेच न उमजण्याचा दोष. डॉक्टरांचा दाखला होता, परीक्षेत कॅल्क्युलेटरची सवलत नियमातच होती. अडलं होतं बुलढाण्याच्या शिक्षण खात्यातल्या एका साहेबाच्या सहीवर. नापास झाली तर शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी सांगूनच टाकलेलं. आणि आम्ही मास्तर लोक दहा वर्षं तिला काय सांगत होतो? “पाढे पाठ कर!” आंधळ्याला म्हणायचं, नीट बघ. संताप येतो आता, स्वतःचाच.

बाईंच्या तीन चकरा फुकट गेल्या. चौथ्या वेळी मीही बुलढाण्याला सोबत गेलो. साहेब म्हणाले, “मॅडम, कॅल्क्युलेटर म्हणजे कॉपीच की हो.”

झालं! बाईंनी खुर्ची पुढं ओढली. “साहेब, तुमच्या मिसेसचा मोबाइल नंबर सांगा.”

“अं?”

“मोबाइल न पाहता सांगा.”

साहेब अठ्ठ्याण्णव म्हणाले, पुढचे दोन आकडे चाचपले आणि हात खिशाकडं गेला.

“हा! कॉपी!” बाई अशा ओरडल्या की शिपाई धावत आला. “तुमाले चालते, मंग माह्या पोरीले काऊन नाई चालत?”

शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. साहेबांनी कागद ओढून सही केली.

स्टँडवर मी म्हणालो, “जिंकलात बाई!” तर बाई बाकावर बसून रडायला लागल्या.

“कायचं जिंकनं, सर. जानेफळले लहाना भाऊ हाय माहा, मिलिंद. असाच होता. पाढे मीच शिकवाची त्याले. चुकला का फुटपट्टी बोटावर. मले वाटे, मुद्दाम करते. आठवीत शाळा सोडली त्यानं. आता मी गेली का च्याचा कप समोर ठेवते अन् वावरात निघून जाते. बसत नाई माह्यापाशी.”

आमची परतीची खामगावची गाडी लागली. मी पिशवी उचलली. बाई उठल्या आणि जानेफळकडं जाणाऱ्या मेहकरच्या गाडीत जाऊन बसल्या. “शबनमले तुमीच सांगजा.”

गाडी हलताना त्यांनी खिडकीतून विचारलं, “सर, लहान्याची माफी कशी मांगतात हो?”

बावीस वर्षं मीही पट्टी चालवली. मला तरी माफी मागता कुठं येत होती?