पाल्य क्रमांक दोनची प्रश्नवही

मुलांना घरीच शिकवायचं, यावर घरात एकमत झालं होतं. भांडण होतं ते कसं शिकवायचं यावर. घरधनी लिफ्टचा तपासनीस. दर सहा महिन्यांनी नवं गाव, नव्या इमारती आणि मुलांना नवी शाळा. सात वर्षांच्या थोरलीने दीड वर्षात तीन शाळा बघितल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी तिला 'माझी ओळख' हाच निबंध लिहावा लागला होता. पाच वर्षांच्या धाकट्याची तर अशी समजूत होती, की शाळा म्हणजे सामानाची खोकी भरेपर्यंत बसायची जागा. तेव्हा घरच्या शिक्षणाचा ठराव पास झाला आणि जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग येऊन पडला.

तपासनीसाला आवडलेल्या अभ्यासक्रमात दर वीस मिनिटांनी घंटा होती आणि दिवसाच्या शेवटी बत्तीस चौकोनांत बरोबरच्या खुणा करायच्या होत्या. बायकोला आवडलेल्यात घंटा नव्हती, चौकोन नव्हते, पुस्तकंही बेताचीच. मूल जे विचारेल त्यातूनच शिकवायचं.

"आणि मुलाने काही विचारलंच नाही तर?" तपासनीस म्हणाला.

"आपली मुलं विचारत नाहीत?"

खरं सांगायचं तर तपासनीसाच्या मनात नेमकी हीच धाकधूक होती. इतक्या शाळा बदलून पोरं बुजली असतील, त्यांचं कुतूहलच आटलं असेल आणि हे सगळं आपल्या नोकरीपायी झालं असेल, असं त्याला राहून राहून वाटायचं.

तोडगा काढला तो बायकोला आवडलेला अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेतल्या सल्लागार बाईंनी. "सात दिवस मूल जे जे विचारेल ते वहीत जसंच्या तसं उतरवा," त्या फोनवर म्हणाल्या. "मोकळीक हवी की शिस्त, ते वहीवरून आम्ही सांगू. आमची पद्धत तुमच्या मुलांना मानवणारी नसेल तर तेही सांगू. शनिवारपर्यंत पाठवा, नंतर प्रवेश बंद." बाई सांगतील ते दोघांनी निमूट ऐकायचं, असं ठरलं.

तपासनीसाने एकसारख्या दोन वह्या आणल्या. एकीवर लिहिलं 'प्रश्नवही, पाल्य क्र. १', दुसरीवर 'पाल्य क्र. २'. पहिल्याच सकाळी थोरलीने विचारलं, "माशी छतावर बसते तेव्हा तिला आपण उलटे दिसतो का?" तपासनीसाने हर्षभराने ते टिपलं. पाठोपाठ तिने विचारलं, "सावली पाण्यात पडली तर भिजते का?" तेही टिपलं. मग तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"बाबा, तू काय लिहितोयस?"

तपासनीसाने तेही टिपलं.

"मग मी नाही विचारणार जा," असं म्हणून थोरलीने तोंडाला कुलूप घातलं.

धाकट्याची तऱ्हा वेगळी. आपण काहीही विचारलं की बाबा हातातलं काम टाकून वहीकडे धावतो, हा शोध त्याला लागला आणि त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "हे काय आहे?" त्याने चमचा वर धरून विचारलं. "चमचा," म्हणत तपासनीस धावला. तो येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा, "हे काय आहे?" चमचा तोच. दुपारपर्यंत त्रेचाळीस वेळा चमचा झाल्यावर तपासनीसाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्याने चमच्यांची पानं फाडली आणि पाल्य क्रमांक दोनची वही टेबलावर आपटली ती आपटलीच.

पुढे त्याने थोरलीवर सगळं लक्ष एकवटलं. तो पडद्याआड उभा राहिला, न्हाणीघराच्या दाराला कान लावून बसला, एकदा तर कपाटात शिरला आणि आतून कडी अडकल्यामुळे शेजारच्या सुताराला बोलवावं लागलं. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवणारा माणूस कपाटातून सोडवला गेला, ही गोष्ट सुताराने खालच्या मजल्यापर्यंत पोचवली. थोरली मात्र या सगळ्याकडे शांतपणे पाहत, टेबलावर पडलेली ती दुसरी वही मांडीवर घेऊन काहीतरी खरडत असे. चित्रं काढत असेल बिचारी, असं तपासनीसाला वाटलं.

शनिवारी सकाळीच त्याला कामावरून बोलावणं आलं. अकराव्या आणि बाराव्या मजल्यांच्या मध्ये कोणीतरी लटकलं होतं. दुपारी त्याने तिथूनच फोन केला, "अगं, आज शेवटचा दिवस! वही टेबलावर आहे. फोटो काढून पाठवून दे."

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. जगातल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर ती वाचू शकत असे, फक्त नवऱ्याचं सोडून. टेबलावर वह्या दोन होत्या, दुसरीही काठोकाठ भरलेली होती. तिने दोन्ही पाठवल्या. दुसरीचे फोटो घाईघाईने काढताना तिच्या मनात एवढंच आलं, की या वहीत नवऱ्याचं अक्षर बरंच सुधारलंय.

रविवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. बायकोने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"पहिली वही आम्ही चौघींनी मिळून पाहिली," बाई म्हणाल्या, "पण एक ओळ लागेल तर शपथ. त्यामुळे सगळी भिस्त दुसरीवर. धाकट्याचं वय काय म्हणालात?"

"पाच."

बाईंनी सुस्कारा सोडला. "घाबरू नका, पण मूल फार काळजीत आहे हो. 'बंद केलं का?' एकसष्ट वेळा. 'नक्की?' चव्वेचाळीस वेळा. 'लोक काय म्हणतील?' सात. पाच वर्षांचं पोर सकाळी उठल्या उठल्या विचारतंय, 'उशीर होणार नाही ना?' आणि सबंध वहीत असा एक प्रश्न नाही, की ज्याचं उत्तर ऐकून त्याला मजा वाटेल. सगळी नुसती चौकशी!"

तपासनीसाचा चेहरा पडला. "बघितलंस?" तो बायकोवर उखडला. "पोरगं असं झुरतंय आणि आपल्याला पत्ता नाही! कोणी केलं हे त्याचं?"

पोरगं टेबलाखाली वडिलांच्या बुटात चमचे भरत होतं.

"अजून एक कोडं आहे," बाई म्हणाल्या. "बुधवारी त्याने विचारलंय, 'आज दाढी केली नाही तर चालेल का?'"

तपासनीसाचा हात हनुवटीवर गेला. मग दारातून थोरली दबक्या आवाजात म्हणाली, "ती वही मी लिहिलीये. बाबा आमचे प्रश्न लिहीत होता, म्हणून मी बाबाचे लिहिले."

"एक मिनिट हं," म्हणून बायकोने फोनवर तळहात दाबला. तिचे खांदे हसून हसून गदगदत होते. "बाई सांगतील ते मान्य. ठरलंय आपलं."

"पण ती वही माझी निघाली!"

"मग तर जास्तच मान्य."

आता तपासनीसाच्या हाती सगळं होतं. वहीची भानगड सांगितली की निकाल रद्द, इथला प्रवेशही बंद आणि घंटेचा अभ्यासक्रम आयताच घरात. तो तोंड उघडणार, एवढ्यात त्याला माशी आणि भिजणारी सावली आठवली. पोरीचं काही आटलं नव्हतं. तिने फक्त त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. तपासनीसाला फार वाईट वाटलं.

"मी खरंच दिवसभर एवढंच विचारतो?" त्याने थोरलीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "वही संपली म्हणून थांबले."

तपासनीसाने फोन हातात घेतला. "बाई, या मुलासाठी काय म्हणता तुम्ही?"

"घंटा नको, चौकोन नकोत. रोज दोन तास बाहेर हिंडू द्या, सूचना देऊ नका. सुधारेल हळूहळू."

"बरं. प्रवेश लिहून घ्या."

"दोघांचा ना?"

"तिघांचा."

"तिसऱ्याचं वय?"

"एक्केचाळीस."

पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. मग बाई अगदी सहज म्हणाल्या, "हरकत नाही. आमच्याकडे आधीपासून अकरा वडील शिकतायत. तुम्ही बारावे."

आपण हसं करून घेतलं, म्हणून लाजावं की आपल्यासारखे आणखी आहेत, म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकावा, ते तपासनीसाला कळेना. पण अकरा जण! असतील तरी कोण, आणि करत असतील तरी काय? तो खुर्ची पुढे ओढून फोनपाशी वाकला.

"काय हो बाई, ते बाकीचे अकरा काय काय विचारतात?"

थोरली जवळ आली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "हा चांगला होता."