चौथ्याऐवजी दुसरा

गाडी चालवणं ही हातापायाची नव्हे, चारित्र्याची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा मनावर ताबा नाही, त्याचाच गिअर चुकतो. माझा मेहुणा कृष्णराज याने नवी गाडी घेतल्यापासून मी त्याला हे मत ऐकवत आलोय. तो मुरूमला आडतीवर बसतो, दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकतो, त्यामुळे माझंही शांतपणे ऐकून घेतो. मी शेजारी बसून "क्लच पुरता दाब" म्हणतो, तो "व्हय दाजी" म्हणतो. माझ्याकडे स्वतःची स्कूटर आहे. पण मत असायला गाडी लागत नाही.

सासुरवाडीत माझी दुसरी कुठलीही कीर्ती नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, याचं मुरूममध्ये कुणाला कौतुक नाही. पण 'दाजींचा गिअर चुकत नाही' हे तिथं लहान पोरालाही माहीत आहे.

म्हणूनच कृष्णराज बायकामुलांसह तिरुपतीला निघाला, तेव्हा गाडी माझ्या हवाली झाली. त्यांना सोलापूर स्टेशनवर सोडायचं, गाडी धाराशिवला आणायची आणि तो येईपर्यंत दारात सांभाळायची. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, तेवढे दिवस आमच्याकडे राहणार होत्या. प्लॅटफॉर्मवर किल्ली देताना तो म्हणाला, "दाजी, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नसती बघा."

परतीच्या वाटेवर तुळजापूरच्या अलीकडे पुढं उसाची ट्रॉली आली. मी पाचव्यात होतो. ओलांडून जायला चौथा हवा होता. मी शांत चित्ताने, संपूर्ण ताब्यानिशी दांडा खाली ओढला आणि दुसरा पडला.

लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर धरल्यावर जो आवाज निघतो, तो इंजिनातून निघाला. काटा लाल पट्टीत गेला आणि मी सीटवरून स्टिअरिंगवर गेलो. ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "शिकताय काय मास्तर?"

घरी पोचेपर्यंत मला बोनेटखालून टकटक ऐकू यायला लागली.

आमचा मेकॅनिक कलीम ईट या गावी पाहुण्यांकडे गेला होता. मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन त्याला फोन लावला. मागच्या दारात सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असा माझा समज होता. हा समज त्यांनीच करून दिलेला आहे, कारण तो त्यांना सोयीचा पडतो.

"कलीमभाई, आतून टकटक येतीय," मी हळू आवाजात म्हणालो. "आणि चढाला धाप लागल्यासारखं होतंय."

"जास्त रेस झाली का सर? मग आतला वॉल वाकला असंल."

"वॉल गेला?" व्हॉल्व्हला कलीम वॉल म्हणतो.

"जाऊ बी शकतो. नसंल बी गेला. हेड खोलावं लागंल." इंजिनाच्या वरच्या झाकणाला हे लोक हेड म्हणतात.

"हेड उघडायचं? पूर्ण?"

"खोलल्याशिवाय न्हाय सांगता येत सर. टेन्शन नको. मी उद्या सकाळी येतो. तोवर एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, एक टोक इंजिनाला लावा, एक कानाला. आतलं सगळं ऐकू येतंय."

"बरं. पण घरात कुणाला कळता कामा नये. कृष्णराजला तर मुळीच नाही. तो यायच्या आत उघडून, बघून, परत शिवून टाकू."

शिवून हा शब्द मी कुठून आणला, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरात स्क्रूड्रायव्हर सापडला नाही. स्वयंपाकघरात लांब दांड्याचं उलथनं होतं, ते उचललं. सासूबाईंनी विचारलं, "जावई, ते कशाला वो?"

"आतला आवाज ऐकायला," मी सांगितलं आणि खरंच दांडा कानाला लावून पाहिला, लांबी पुरते का म्हणून.

त्यांच्या हातातली मेथी खाली पडली. मी ते कौतुक समजलो.

बाहेर जाऊन बोनेट उघडलं, उलथन्याने बराच वेळ ऐकलं. टकटक स्पष्ट येत होती. इंजिन बंद केल्यावरही येत होती. ती माझ्याच छातीतली होती, पण त्या वेळी मी शास्त्रीय तपासणीत गुंतलो होतो.

जेवायला बसलो तर ताटात मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात. ठेचा नाही, लोणचं नाही. बायको शेजारी बसून वारा घालत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रकार नवा होता. म्हणाली, "तुमच्या मनात काही असलं तर सांगत जा हो." मला वाटलं, माणूस मोठी गाडी चालवायला लागला की घरातही वजन वाढतं.

संध्याकाळी ईटहून सासूबाईंचे भाऊ उत्तरेश्वरमामा आले. पिशवीत मोसंबी. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जावई, भ्यायचं न्हाय. आमच्या गावच्या बजरंगाचाबी वॉल गेल्ता."

मला धक्काच बसला. बातमी फुटली होती. मी विचारलं, "मग काय केलं त्याने?"

"बदलला की. डुकराचा बसवला."

"डुकराचा? चांगला असतो का तो?"

"झ्याक. आता पोती उचलतोय."

हा बाहेरच्या देशातला स्पेअर पार्ट असणार, असं मी धरून चाललो. "मिळतो कुठं? सोलापूरला?"

"डाक्टरच मागवत्यात," मामा म्हणाले. "त्याची फिकीर न्हाय. पर तुमचं डोस्कंबी उघडून परत शिवणार म्हणत हुती आक्का. त्ये कशापायी?"

मी खोलीभर नजर फिरवली. बायको पदराने डोळे पुसत होती. सासूबाई माझ्या हाताजवळ असलेलं उलथनं हळूच लांब सरकवत होत्या. मग माझ्या लक्षात आलं.

"मामा," मी सावकाश विचारलं, "हे कृष्णराजला कळवलंय?"

"मग? पोरगं रायचूरला गाडीतनं उतरलं. बायकापोरं गेली म्होरं तिरुपतीला. ह्यो निघालाय माघारी तुमच्यासाठी. देवाचं दर्शन सोडलं त्यानं, जावई."

आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. गिअर चुकला हे कबूल करायचं, किंवा हृदयाची झडप गेली हे. जो माणूस माझ्यासाठी बालाजीला पाठ दाखवून निघाला, त्याला मी सांगणार होतो की चौथ्याऐवजी दुसरा पडला? मी थोडा विचार केला आणि हृदयविकार स्वीकारला. उशीला टेकलो आणि धाप लागल्यासारखं केलं. ते फारसं अवघड गेलं नाही.

सकाळी कृष्णराजने मला त्याच गाडीत घातलं आणि सोलापूरच्या दिशेने निघाला. मागे बायको आणि सासूबाई. बोनेटखालून टकटक सुरूच. प्रत्येक टकटकीला माझा हात आपोआप छातीवर जात होता. ते पाहून कृष्णराज वेग वाढवत होता. वेग वाढला की टकटक वाढत होती.

"रेस देऊ नकोस," मी कळवळून म्हणालो.

"बोलू नका दाजी. दम राखून ठिवा."

तुळजापूर ओलांडल्यावर पुढं उसाची ट्रॉली आली. कृष्णराजने दांडा खाली ओढला. मांडवातला माईक परत किंचाळला. आम्ही सगळे पुढं गेलो. माझी दृष्ट काढायला सासूबाईंनी हातात धरलेलं लिंबू थेट डॅशबोर्डवर आलं.

कृष्णराजने सहज दांडा हलवून चौथा टाकला.

"दुसरा पडला," मी म्हणालो.

"पडतोय की. मला हप्त्यातनं एकदा पडतोयच. घेतल्यापासनं."

"आणि ही टकटक?"

"तीबी घेतल्यापासनंच हाय. मुरूमचा मेकॅनिक म्हणतोय, खोलल्याशिवाय सांगता येत न्हाय. म्या म्हणलं, चालतीय ना, मग राहू दे." मग ओशाळून म्हणाला, "तुमच्याम्होरं कदी बोललो न्हाय दाजी. तुमी चारित्र्यावर जाताय."

त्याच वेळी माझा फोन वाजला. कलीम आमच्या दारात उभा होता, हातात पाने घेऊन. "सर, हेड कुठंय?"

"सोलापूरला नेलंय," मी म्हणालो.

डॉक्टर पंचाक्षरींनी मला आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, पडद्यावर बराच वेळ पाहिलं. झडपा उत्तम आहेत, म्हणाले. सासूबाईंनी आग्रह धरला म्हणून डोक्याचीही तपासणी झाली. डोक्यात काही नाही, हे त्यांनी लेखी दिलं. मग जाता जाता रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, दुसरं यंत्र मागवून तिसऱ्यांदा पाहिला.

"तुम्हाला आधी कधी काही आवाज वगैरे जाणवला नाही का?" त्यांनी विचारलं.

गाडी मुरूमला आहे, टकटक करत रोज आडतीवर जाते, तिचं हेड अजून कुणी खोललेलं नाही. मला मीठ बंद आहे.