पडद्यापुढचे प्राध्यापक

थॅडियस प्रुइट यांनी अमेरिकेची संगीत रंगभूमी सुधारायचं ठरवलं, तेव्हा तिची स्वतःची काही तक्रार आहे का, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. प्राध्यापकांना ते बहुधा सुचत नाहीच! शंभर वर्षं या रंगभूमीनं पोरींचे पाय दाखवले, शेतकऱ्यांना गवताच्या गंजीवर नाचवलं आणि शेवटी सगळ्यांची लग्नं लावून दिली, असा त्यांचा आरोप. आपल्या संगीत नाटकात कुणी नाचणार नाही, कुणाचं लग्न होणार नाही आणि पहिल्याच अंकात खाण कोसळून अर्धा गाव मरेल, असं ते भेटेल त्याला छाती फुगवून सांगत. ऐकणारा बिचारा घाईत असल्याचं सोंग करी.

न्यूयॉर्कला जाण्याआधी नाटक रिवाजाप्रमाणे न्यू हेवनला लावून बघायचं होतं. तिथं ते पडलं, तर ठिगळं लावायला बाहेरचा लेखक बोलावतात. त्याला या धंद्यात ‘डॉक्टर’ म्हणतात. डॉक्टर येऊन गेला की जाहिरातीत मूळ लेखकाच्या शेजारी त्याचंही नाव लागतं. प्रुइटना धास्ती होती ती याचीच. नाव लागलं तर आपलं एकट्याचं! निर्मात्या मिसेस अॅडलर यांच्याकडून त्यांनी तसा शब्दच घेतला होता. बाईंनी तो हसत हसत दिला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरला फोन लावला.

देखावा बदलताना पडदा पाडायचा आणि त्याच्यापुढं कुणीतरी दोन घटका नाचून-गाऊन घ्यायचं, अशी या रंगभूमीची जुनी रीत. मागची ठोकाठोक लोकांना ऐकू येऊ नये, एवढाच तिचा हेतू. प्रुइटनी ती छाटून टाकली. पडदा पडल्यावर प्रेक्षक शांतपणे विचार करतील, असं त्यांनी जाहीर केलं. वाद्यवृंदाचे प्रमुख मार्केटी यांनी “कसला?” असं विचारलं, तेव्हा प्रुइटनी त्यांच्याकडं नुसतं दयेनं पाहिलं.

पहिल्या प्रयोगाला कोसळलेल्या खाणीचा देखावा आत यायची वेळ झाली आणि पडदा पडला. खाण खऱ्या लाकडाची होती, कारण कापडावर रंगवलेली प्रुइटना खोटी वाटे. ती खरी खाण निम्म्या वाटेवर अडकली. प्रेक्षकांनी मिनिटभर विचार केला. मग ते खोकू लागले. मग काही जण निघायच्या बेतानं टोप्या चाचपू लागले.

मेलेल्या खाणकामगाराची आई झाली होती डॉटी मलोन. सगळा जन्म तिनं पडद्यापुढं नाचण्यात घालवला होता, आणि आपल्याला काळी शाल देऊन कोपऱ्यात बसवल्याबद्दल ती तालमीत रोज सगळ्यांचं डोकं खात असे. समोर लोक खोकताहेत आणि आपण मागं उभ्या आहोत, हे तिला सोसेना. ती शालीसकट पडद्यापुढं आली आणि टाच आपटून नाचायला लागली. मार्केटींनी साथ धरली. मागून तयारीचा दिवा लागेपर्यंत त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवायच्या, हा त्यांचा नियम. दिवा काही लागेना!

लेखकानं प्रेक्षागृहात सगळ्यांत मागं उभं राहायचं असतं. प्रुइट तिथून धावत सुटले. त्यांनी मार्केटींना दोन्ही हातांनी थांबायच्या खुणा केल्या. हात हलवणारे लेखक मार्केटींनी आजवर पुष्कळ पाहिले होते. त्यांनी लय वाढवली. शेवटी प्रुइट स्वतःच रंगमंचावर चढले.

“बाई, ही शोकांतिका आहे. तुमचा मुलगा आत्ताच मेलाय.”

“तो मेलाय, प्रोफेसर. मी नाही,” डॉटी म्हणाली.

हशानं प्रेक्षागृह कोसळायचंच बाकी राहिलं. प्रुइट आता प्रेक्षकांवर उलटले. शंभर वर्षं तुम्ही असलाच कचरा पाहत आलात, असं त्यांनी सुनावलं. डॉटीनं दोनदा टाच वाजवली. पोरींच्या पायांपलीकडं तुमची अक्कल कधी गेलीच नाही, असं ते म्हणाले. डॉटीनं लोकांना पाय दाखवला. ते जितके भडकत, तितके लोक हसत. अखेर तिनं त्यांच्या काखेत हात घातला, त्यांना घेऊन गिरकी घेतली आणि भाषण फिरता फिरता पुढं चालू राहिलं. खाण सुटून पडदा वर गेला, तेव्हा प्रेक्षक चक्क हिरमुसून कण्हले.

सकाळी हॉटेलात मिसेस अॅडलर अंडं फोडत बसल्या होत्या. तिसऱ्या रांगेत काल डॉक्टर होता, हे त्यांनी मीठ मागावं तसं सांगून टाकलं.

“तुम्ही मला शब्द दिला होता,” प्रुइट म्हणाले.

“दिला होता. आधी ऐकून तरी घ्या. खाण जाणार, मेलेले जाणार, दुसरा अंक अख्खा जाणार. डॉटी राहील, पडदा राहील आणि तुम्ही. रोज, भाषणासकट. शेवटी लग्न.”

“कुणाचं?”

“तुमचं. डॉटीशी. ती तयार नव्हती, मी समजूत घातली.”

प्रुइट पांढरेफटक पडले. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली, तेच आपल्या अंगावर नाचणार होतं, आणि तेही दुसऱ्याच्या नावानं! त्यांनी कसंबसं जाहिरातीचं विचारलं.

“तुमचं एकट्याचं नाव,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाला, माझं चुकूनही घालू नका, मला न्यूयॉर्कात पुढंही कामं मिळवायची आहेत.”

प्रुइट बराच वेळ रुमालाच्या घड्या घालत राहिले. मग जरा पुढं झुकून त्यांनी हळूच विचारलं,

“अक्षरं केवढी असतील?”